मधल्या पट्ट्यातला ताग आणि मुळांतली बुरशी

खरड छाटणी झाली की काही दिवसांनी द्राक्षबागायतदार ड्रिपरखालची माती हाताने उकरून पाहतो. पांढरी मुळी सुटली आहे का, एवढंच त्याला बघायचं असतं. मुळी पांढरीशुभ्र आणि टवटवीत दिसली की पुढच्या हंगामाचा निम्मा घोर मिटतो. तपकिरी, आखडलेली दिसली की ह्युमिक, स्लरी, शेणखत, जे सुचेल ते बोदावर पडायला लागतं. ही तपासणी योग्यच आहे. पण तिच्यातून एक गोष्ट सुटते, कारण ती डोळ्याला दिसण्याजोगी नाही. निरोगी बागेत त्या पांढऱ्या मुळीच्या आत आणि भोवती एक बुरशी राहत असते. मातीतलं स्फुरद, जस्त आणि तांबं वेलीपर्यंत पोहोचवण्याचं बरंचसं काम ती बुरशीच करते.

बुरशी हा शब्द ऐकला की द्राक्षवाल्याच्या पोटात गोळा येतो, आणि ते साहजिक आहे. भुरी, करपा, डाऊनी यांच्यापायी रात्री-अपरात्री ट्रॅक्टर बागेत घालावा लागतो. त्यामुळे जमिनीत अशीही बुरशी आहे जिला जपायला हवं, ही गोष्ट मनावर घ्यायला वेळ लागतो. यात १८८५ या वर्षाचा योगायोग मोठा आहे. त्या वर्षी फ्रान्समध्ये मिलार्दे या शास्त्रज्ञाने मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाने डाऊनी आटोक्यात येतो हे प्रसिद्ध केलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण. आणि त्याच वर्षी जर्मनीत आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडांची मुळं आणि बुरशी यांच्या सहजीवनाला ‘मायकोरायझा’ हे नाव दिलं. ट्रफल नावाच्या महागड्या खाद्य बुरशीची लागवड प्रशियात करता येईल का, हे शोधण्याचं काम फ्रँककडे होतं. ते शोधता शोधता त्याला दिसलं की झाडांची कोवळी मुळं बुरशीने वेढलेली आहेत आणि तरीही झाड आजारी नाही, उलट चांगलं पोसलेलं आहे. द्राक्षशेतीने पुढची शंभर वर्षं पहिला शोध डोक्यावर घेतला. दुसरा प्रयोगशाळेत पडून राहिला.

फ्रँकने पाहिली ती जंगली झाडांच्या मुळांवरची, बाहेरून आवरण घालणारी बुरशी होती. द्राक्ष, ज्वारी, ऊस, डाळिंब, कांदा यांच्या मुळांत असते ती वेगळी. ती मुळाच्या आत शिरते आणि पेशींमध्ये झाडासारख्या बारीक बारीक फांद्या काढते. शेतकऱ्यांच्या तोंडी तिचं नाव ‘व्हॅम’. हे सहजीवन फार जुनं आहे. स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म सापडले, त्यांच्या पेशींत ह्याच फांद्या दिसतात. त्या काळातल्या वनस्पतींना नीट मुळंसुद्धा नव्हती. आज जमिनीवरच्या सुमारे ७० टक्के वनस्पती जातींत ही बुरशी आढळते.

हे पाहण्याची रीत सोपी आहे आणि एकदा तरी पाहावी अशी आहे. बोदातून केसासारखी बारीक मुळं काढायची, स्वच्छ धुवायची आणि दाहक पोटॅशच्या १० टक्के द्रावणात गरम करायची म्हणजे ती पारदर्शक होतात. हे काम प्रयोगशाळेतच करावं, कारण द्रावण कातडी जाळतं. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के फाउंटन पेनची शाई मिसळून त्यात मुळं काही मिनिटं उकळायची. शाई आणि व्हिनेगरची ही युक्ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी वापरले जाणारे रंग विषारी होते. सूक्ष्मदर्शकाखाली मूळ फिकट आणि बुरशी गडद दिसते. मुळाच्या लांबीला धरून धावणारे धागे, मधूनमधून तेलाने भरलेल्या गोल पिशव्या आणि पेशीच्या आत एक इवलासा गडद झुपका. हा झुपका म्हणजे देवाणघेवाणीची जागा. बुरशी इथे स्फुरद देते आणि वेलीकडून साखर आणि स्निग्ध पदार्थ घेते. एक झुपका काही दिवसच टिकतो, मग विरघळतो आणि शेजारच्या पेशीत नवा तयार होतो. या बुरशीला स्वतःचे स्निग्ध पदार्थ तयार करता येत नाहीत, ते झाडच तिला पुरवतं, हे २०१७ मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे जिवंत मुळाशिवाय ही बुरशी वाढूच शकत नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर पुढचा सगळा लेख आपोआप उलगडतो.

द्राक्षाला तिची एवढी गरज का, हे मातीच्या बाजूने पाहावं लागतं. नत्र पाण्याबरोबर वाहतं, मुळापाशी येतं. स्फुरद जागचं हलत नाही. मूळ जिथे टेकतं तिथलं, एखाद-दोन मिलिमीटर परिसरातलं स्फुरद संपलं की मुळाभोवती रिकामं कडं तयार होतं आणि त्यापलीकडचं स्फुरद समोर असून मिळत नाही. गवतवर्गीय पिकांची मुळं बारीक, दाट, केसाळ असतात, त्यामुळे त्यांचं निभतं. द्राक्षाची मुळं जाडसर आणि विरळ. बुरशीचा धागा मुळाच्या मानाने कितीतरी बारीक असतो, त्या रिकाम्या कड्याच्या पलीकडे काही सेंटिमीटर जातो आणि मुळाला जिथे शिरता येत नाही त्या मातीच्या छिद्रांत शिरतो. एका ग्रॅम मातीत असे धागे कित्येक मीटर लांबीचे असू शकतात.

अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या टेकड्यांवर पिनो न्वार या वाइनच्या द्राक्षाच्या बागा आहेत. तिथली माती लाल, आम्लधर्मी आणि स्फुरदात गरीब. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधन केंद्रातले पॉल श्रायनर यांनी तिथे अनेक वर्षं या बुरशीवर काम केलं. त्या लाल मातीत बुरशीविना वाढवलेल्या वेली खुरटल्या, त्यांना स्फुरद मिळेना. बुरशी असलेल्या वेली वाढल्या. स्फुरद मुबलक असलेल्या मातीत मात्र बुरशीचा एवढा फायदा दिसला नाही. या प्रयोगातली दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे, कारण आपल्या बागांचा प्रश्न नेमका तिथेच आहे.

नाशिक, सांगली, सोलापूर, जुन्नर या पट्ट्यातल्या बऱ्याच जमिनी काळ्या आणि चुनखडीच्या आहेत. चुन्यातलं कॅल्शियम स्फुरदाला धरून ठेवतं. म्हणून आपण दरवर्षी आणखी स्फुरद टाकतो. लागवडीच्या चारीत सुपर फॉस्फेट, मग डीएपी, मग ठिबकमधून १२:६१:० आणि ०:५२:३४, आणि वर फॉस्फरिक आम्ल. वर्षानुवर्षं हे चाललेल्या बागेच्या माती परीक्षणात स्फुरद ‘भरपूर’ येतं आणि तरी हात आखडला जात नाही. आता वेलीचं वागणं पाहा. स्फुरदाची उपासमार जाणवली की मूळ एक रसायन मातीत सोडतं, त्याचं नाव स्ट्रिगोलॅक्टोन. त्या हाकेने बुरशीचे धागे मुळाकडे फांद्या काढत येतात, हे २००५ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं. ज्वारीच्या शिवारात वाढलेल्यांना या रसायनाचा दुसरा परिणाम ठाऊक आहे. ज्वारीच्या मुळावर जगणारा टारफुला याच हाकेवर उगवतो. बुरशीसाठी दिलेलं आमंत्रण तो चोरून ऐकतो. पण मुळापाशी स्फुरद आयतं असेल तर वेल हाक मारणं कमी करते आणि बुरशीला आत घेणंही कमी करते. साखर खर्च करून जे मिळवायचं ते फुकट मिळत असेल तर ती खर्च का करेल? त्यामुळे एका हाताने व्हॅमचं पाकीट आणि दुसऱ्या हाताने ठिबकमधून स्फुरदाचा मारा, ही जोडी पैशांचा अपव्यय आहे. हे मला ठामपणे सांगावंसं वाटतं, कारण दुकानात ही दोन्ही एकाच बिलावर विकली जातात.

बुरशी उपाशी कशी मरते, याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण द्राक्षाचं नाही. ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं आहे, आणि आपल्याला ते जवळचं वाटावं असं आहे. डार्लिंग डाऊन्स या भागात आपल्यासारखीच काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन आहे. पाऊस बेभरवशाचा, म्हणून तिथले शेतकरी ओल साठवायला रान वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ पडीक ठेवत आणि तणाचं एक पातंही उगवू देत नसत. ओल साठायची, नत्रही साठायचं, आणि तरीही त्यानंतर पेरलेलं सूर्यफूल किंवा मका खुरटा राहायचा, पानांवर स्फुरद आणि जस्ताची कमतरता दिसायची. बरीच वर्षं कारण सापडत नव्हतं. १९८७ साली जे. पी. थॉम्प्सन यांनी ते दाखवलं: लांब पडीक काळात जिवंत मूळच नसल्याने जमिनीतली ही बुरशी कमी झाली होती. म्हणजे जमिनीत स्फुरद होतं, पण ते आणून देणारं कुणी उरलं नव्हतं.

आता आपली द्राक्षबाग डोळ्यासमोर आणा. दोन ओळींत १० फूट अंतर आणि ४ फुटांचा बोद धरला तर मधली ६ फूट जमीन, म्हणजे बागेचा निम्म्याहून जास्त भाग, आपण मुद्दाम उघडा ठेवतो. रोटाव्हेटर फिरतो, तणनाशक पडतं, वर ट्रॅक्टरची चाकं एकाच रेषेत जात-येत राहतात. या बुरशीच्या धाग्यांना आत पडदे नसतात, ती सलग नळी असते. रोटाव्हेटरने तिचे तुकडे केले की जाळं परत विणावं लागतं, आणि विणायला लागणारी साखर येणार कुठून? मध्ये एकही जिवंत मूळ नसतं. स्वच्छ बाग म्हणजे कष्टाळू बागायतदार, हे समीकरण आपल्याकडे पक्कं बसलं आहे. बांधावरून जाणारा माणूस गवत दिसलं की नाव ठेवतो. या लाजेपायी आपण जमिनीचं फार नुकसान केलं आहे.

औषधांचाही वाटा आहे, पण सरसकट नाही. मेटॅलॅक्झिलसारखी डाऊनीवरची औषधं या बुरशीला फारशी बाधत नाहीत, कारण डाऊनीचा जीव मुळात खऱ्या बुरशीच्या कुळातलाच नाही. याउलट बेनोमिल हे बुरशीनाशक संशोधक मुद्दाम वापरतात, तेही प्रयोगातल्या वाफ्यातली मायकोरायझा दाबून टाकण्यासाठी. हे बेनोमिल मातीत मोडलं की त्याचं कार्बेन्डाझिम होतं. मर रोगाच्या भीतीने बोदावर कार्बेन्डाझिमचं ड्रेंचिंग करण्याआधी हे आठवावं. तांब्याचं थोडं वेगळं आहे. ते कुजत नाही, वरच्या थरात साठत जातं. बोर्डोची दीर्घ परंपरा असलेल्या युरोपातल्या बागांत इतकं तांबं साठलं की युरोपीय संघाने २०१९ पासून हेक्टरी ७ वर्षांत जास्तीत जास्त २८ किलो तांबं, अशी मर्यादा घातली. आपल्या पावसात बोर्डो सोडून द्या असं म्हणणं वेडेपणाचं होईल. मात्र किती वर्षं, किती वेळा मारला याची नोंद ठेवायला काही हरकत नाही.

एवढं पाहिल्यावर आच्छादन पिकाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ते आहे बुरशीचं अन्न. आणि या बाबतीत महाराष्ट्राचं वेळापत्रक युरोपापेक्षा सोयीचं आहे. तिकडे वेल हिवाळ्यात झोपते आणि उन्हाळ्यात, ऐन फळाच्या वेळी, गवत वेलीशी पाण्यासाठी भांडतं. आपली वेल झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मे-जूनमध्ये काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती, मग पावसाळाभर काडी पक्व होत राहते आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वेलीवर माल नसतो, आभाळातून पाणी फुकट मिळत असतं आणि मधला पट्टा रिकामा पडलेला असतो. आच्छादन पिकाला याहून चांगली संधी जगातल्या फार थोड्या द्राक्षपट्ट्यांना मिळते.

पेरायचं काय, हे मात्र बाग बघून ठरवावं. सगळ्यांसाठी ताग, ही सरधोपट शिफारस मला पटत नाही. डॉगरीज खुंटावरची, भारी जमिनीतली, आधीच जोमाने धावणारी बाग असेल तर तिला शेंगवर्गीय पिकाचं आणखी नत्र पावसाळ्यात मिळणं घातक ठरतं. काडी हिरवी राहते, पक्व होत नाही आणि त्याचा फटका फळछाटणीनंतर घड जिरण्यात दिसतो. अशा बागेत बाजरी किंवा ज्वारी पेरावी. ही पिकं जास्तीचं नत्र शोषून घेतात, त्यांची मुळं बुरशीला अतिशय मानवतात आणि गुडघाभर झाल्यावर कापली तरी पुन्हा फुटतात. हलक्या, चुनखडीच्या, वाढ मंदावलेल्या बागेत ताग किंवा धैंचा योग्य, सोबत थोडी बाजरी. ताग फुलावर यायच्या आत, साधारण ४५ ते ५० दिवसांत कापायचा. नंतर त्याचं खोड चिवट होतं आणि उंची इतकी वाढते की फवारणीचा धूर पलीकडच्या ओळीपर्यंत जात नाही, हवा कोंडते आणि डाऊनीला आयतं निमंत्रण मिळतं.

सूत्रकृमीची गाठ असलेल्या बागेत चवळी आणि मूग टाळावेत, कारण गाठी करणारा सूत्रकृमी त्यांच्यावरही पोसतो. तागावर तो फारसा वाढत नाही. अंबाडी, भेंडी यांच्या कुळातलं काहीही ओळीत नको. गुलाबी पिठ्या ढेकणाला, म्हणजे आपल्या मिलीबगला, ते कूळ फार आवडतं. मांडवाच्या बागेत खाली इतकी सावली असते की पेरलेलं नीट वाढतच नाही. तिथे कडेच्या उजेडात जे उगवेल ते गवत कापत राहणं एवढंच शक्य आहे. वाय पद्धतीच्या बागेत उजेडाची अडचण कमी.

मोहरी आणि मुळा यांच्याबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण आच्छादन पिकांच्या मिश्रणांत ती हमखास असतात. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याची छायाचित्रं अनेकांनी पाहिली असतील. हिवाळ्याच्या अखेरीला पानं झडलेल्या वेलींच्या ओळींमध्ये पिवळी मोहरी फुललेली असते. दृश्य सुंदर आहे, मोहरीची मुळं घट्ट माती फोडतात, तणही दाबलं जातं. पण मोहरी, मुळा, कोबी या कुळातल्या वनस्पती मायकोरायझाशी नातं ठेवतच नाहीत. पालक, बीट आणि राजगिऱ्याच्या कुळातही हे नातं जवळजवळ नाही. म्हणजे बुरशी वाढवायच्या हेतूने पट्टाभर मोहरीच पेरली तर बुरशीच्या दृष्टीने तो पट्टा जवळपास उघडाच राहिला. मिश्रणात थोडी असली तर चालेल, एकटी नको.

मधल्या पट्ट्यातली बुरशी बोदातल्या मुळापर्यंत पोहोचते का, हा रास्त प्रश्न आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधक केंड्रा बाउमगार्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आच्छादन पिकाला वेगळ्या वजनाचं, ओळखता येईल असं नत्र दिलं आणि ते शेजारच्या द्राक्षवेलीत सापडलं. यावरून झाडं बुरशीच्या तारांमधून एकमेकांना अन्न पाठवतात, अशा गोष्टी फार रंगवून सांगितल्या जातात. मला त्यात सबुरी बरी वाटते. नत्र थेट धाग्यातून गेलं, की आधी मातीत उतरलं आणि मग वेलीच्या बुरशीने उचललं, हे वेगळं करून दाखवणं कठीण असतं, आणि या विषयातल्या जाणत्या संशोधकांनीच २०२३ मध्ये अशा अतिरंजित दाव्यांवर आक्षेप घेतला. बागायतदाराच्या हिशेबाने मुद्दा साधा आहे. ठिबकच्या बागेत वेलीची बहुतेक मुळं ओल्या बोदात असतात, मधल्या पट्ट्यात पावसाळ्यातच काय ती फिरकतात. म्हणून आच्छादन पीक फक्त चाकांच्या रेषेत पेरून उपयोग नाही. ते बोदाच्या उतारापर्यंत यायला हवं, म्हणजे दोघांच्या मुळांची भेट होईल. कापलेला पाला मधेच न सोडता बोदावर अंथरावा. तो जमिनीत रोटाव्हेटरने घालू नये. वर राहिला तर हळूहळू कुजतो, नत्र एकदम सुटत नाही, ऑक्टोबरनंतरच्या उन्हात बोदाची ओल टिकते आणि खालचं जाळंही शाबूत राहतं. तासगाव, जत, कवठेमहांकाळकडच्या ज्या बागांना टँकरने पाणी घालावं लागतं, तिथे हा पाला एरवी विकत आणाव्या लागणाऱ्या उसाच्या पाचटाची जागा थोडीफार घेतो. फळछाटणीनंतर मात्र मधलं पीक जिवंत ठेवू नये. त्यानंतरचं पाणी वेलीचं.

राहिला पाकिटाचा प्रश्न. व्हॅमची पावडर आणि गोळ्या गावोगाव मिळतात. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नसल्याने तिचं उत्पादन टाकीत करता येत नाही, ते मुळांवरच करावं लागतं. म्हणून चांगलं उत्पादन तयार करणं खर्चाचं आणि कौशल्याचं काम आहे. भारतात बंगळूरच्या कृषी विद्यापीठात डी. जे. बागयराज यांनी या बुरशीच्या अभ्यासाचा पाया घातला आणि दिल्लीच्या टेरी संस्थेने प्रयोगशाळेत मुळांच्या तुकड्यांवर ती वाढवण्याचं तंत्र उभं केलं. गोवा विद्यापीठातही तिच्या जाती ओळखण्याचं आणि जतन करण्याचं मोलाचं काम झालं आहे. तेव्हा आपल्याकडे ज्ञानाची कमतरता नाही. अडचण बाजारात आहे. परदेशांत विकत मिळणारी उत्पादनं तपासली गेली तेव्हा अनेक पाकिटांतून मुळांवर बुरशी उभीच राहिली नाही. उन्हात तापलेल्या दुकानात पडून राहिलेल्या आपल्याकडच्या पाकिटाकडून जास्त अपेक्षा कशी धरावी?

माझं मत असं: दहा वर्षांच्या उभ्या बागेत पाकीट ओतण्यात फारसा अर्थ नाही. तिथे बुरशी आहे, तिला खायला हवं आहे. पाकिटाचा खरा उपयोग रोपाच्या पिशवीत आणि लागवडीच्या खड्ड्यात. निर्जंतुक केलेल्या मातीत किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये वाढलेल्या खुंटाच्या रोपाला ही बुरशी कधी भेटलेलीच नसते. तिथे मुळाला चिकटेल अशी दिली तर पहिल्या महिन्यापासून ती सोबत राहते. याचा आणखी एक फायदा आहे. रोपांची मुळं आणि खोडाचा तळ काळा पाडणाऱ्या ‘ब्लॅक फूट’ रोगावर डेव्हिसमध्येच झालेल्या नियंत्रित प्रयोगात, आधीच बुरशी दिलेल्या खुंटांवर रोगाची तीव्रता कमी आढळली. रोग आल्यावर देऊन तसं होत नाही.

विकतचं नको असेल तर घरी वाढवता येते. अमेरिकेतल्या रोडेल संस्थेच्या शेतावर डेव्हिड डाऊड्स यांनी शेतकऱ्यांसाठी पिशव्यांतून बुरशी वाढवण्याची पद्धत बसवली. तिचंच आपल्याला जमेल असं रूप असं आहे. बांधावरच्या किंवा वर्षानुवर्षं न नांगरलेल्या गवताच्या, रोग-सूत्रकृमी नसलेल्या जागेची मुळांसकट माती घ्यायची. ती धुतलेल्या वाळूत थोडी थोडी मिसळून कुंड्या किंवा गोणपाटाच्या पिशव्या भरायच्या आणि त्यात ज्वारी किंवा मका दाट पेरायचा. खत अगदी नावाला, स्फुरद तर नाहीच. तीन महिन्यांनी पाणी तोडायचं. ताट वाळू लागलं की बुरशी अडचणीच्या दिवसांसाठी बीजाणू तयार करते. मग वरची ताटं कापून टाकायची आणि खालची माती व मुळं बारीक करून रोपांच्या पिशव्यांत मिसळायची. त्या कुंड्यांतली मूठभर मुळं जवळच्या विज्ञान महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नेऊन शाई-व्हिनेगरने रंगवून पाहावीत. तिथले विद्यार्थीसुद्धा हे काम आनंदाने करतात. मुळांत गोल पिशव्या दिसल्या तर माल चांगला आहे. नाही दिसल्या तर तो फेकून द्यावा.

आणि हे सगळं एकदम अख्ख्या बागेत करू नका. येत्या जूनमध्ये चार ओळींच्या मधे पेरा, शेजारच्या चार ओळी नेहमीसारख्या स्वच्छ ठेवा. माती परीक्षणात स्फुरद भरपूर असेल तर पेरलेल्या चार ओळींपैकी दोनमध्ये स्फुरदाची मात्रा निम्मी करा. फळछाटणीनंतर एरवी पानदेठ परीक्षणाला एकच नमुना जातो. या वेळी तीन पाठवा: साध्या ओळींचा, पेरलेल्या ओळींचा, आणि पेरून स्फुरद कमी केलेल्या ओळींचा. असं तीन हंगाम करा. एका हंगामात बुरशीचं जाळं बसत नाही, आणि एखाद्या वर्षीचा पाऊस कोणताही निकाल उलटा करू शकतो. तिसऱ्या वर्षी त्या दोन ओळींतलं स्फुरद आणि जस्त शेजारच्या ओळींइतकंच आलं, तर खताच्या यादीतून काय वगळायचं ते तुम्हाला कुणा सल्लागाराला विचारावं लागणार नाही.